नकाशाकार मॅथ्यू फ्लिंडर्स

भूगोलाच्या पुस्तकातील जगाचा नकाशा उघडला, म्हणजे खंडांच्या किनाररेषा आपल्या दृष्टीस पडतात. त्या इतक्या परिचयाच्या झालेल्या असतात की, त्यांतील प्रत्येक वळण कोणी तरी आपल्या डोळ्यांनी पाहून, मोजून आणि पुष्कळदा जीव धोक्यात घालून कागदावर उतरविले आहे, हा विचारही मनात येत नाही. ऑस्ट्रेलिया खंडाची किनाररेषा ही अशीच मोठ्या कष्टाने साकार झालेली आहे. इ. स. १८०० च्या सुमारास युरोपातील नकाशांवर ह्या खंडाचे चित्र अपुरे होते. त्याची पश्चिम बाजू डच दर्यावर्दींनी पाहिली होती. पूर्व किनारा कॅप्टन जेम्स कुक ह्याने १७७० मध्ये रेखाटला होता. परंतु दक्षिण किनाऱ्याचा फार मोठा भाग नकाशावर अगदी कोरा होता. पूर्व आणि पश्चिम हे एकाच भूमीचे दोन भाग, की मधून समुद्र वाहणारी दोन वेगळी बेटे, हेही कोणास निश्चित ठाऊक नव्हते. ह्या प्रश्नाचे उत्तर ज्याने शोधून काढले आणि त्या उत्तरासाठी आपल्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे वेचली, त्या पुरुषाचे नाव मॅथ्यू फ्लिंडर्स.

मॅथ्यूचा जन्म १६ मार्च १७७४ रोजी इंग्लंडातील लिंकनशायर परगण्यात, डॉनिंग्टन ह्या गावी झाला. त्याचे वडील शस्त्रवैद्य होते. मुलाने आपलाच व्यवसाय पुढे चालवावा, अशी त्यांची साहजिक इच्छा होती. परंतु रॉबिन्सन क्रूसोची कथा मॅथ्यूच्या वाचनात आली आणि समुद्राने त्याच्या मनाचा जो ताबा घेतला, तो कायमचाच. केवळ स्वप्ने पाहत बसण्याचा मात्र त्याचा स्वभाव नव्हता. नाविकाला भूमिती आणि गणित आले पाहिजे, हे कळताच त्याने नौकानयनशास्त्राचा ग्रंथ मिळवून घरच्या घरी अभ्यासास आरंभ केला. ह्या तयारीच्या बळावर वयाच्या सोळाव्या वर्षी तो आरमारात दाखल झाला.

लवकरच त्याला एक उत्तम गुरू लाभला. कॅप्टन विल्यम ब्लाय हा १७९१ मध्ये ताहिती बेटाकडे निघाला होता. तेथील विलायती फणसाची रोपे वेस्ट इंडीज बेटांवर पोचविण्याची कामगिरी त्याच्यावर होती. फ्लिंडर्स त्याच्या जहाजावर होता. ब्लाय हा तापट म्हणून कुप्रसिद्ध असला, तरी नकाशे काढण्यात अत्यंत निष्णात होता. ही विद्या त्याने खुद्द कॅप्टन कुकच्या हाताखाली मिळविली होती. अशा रीतीने कुककडून ब्लायकडे आणि ब्लायकडून फ्लिंडर्सकडे ही विद्या गुरुपरंपरेने चालत आली. पुढे १७९४ मध्ये फ्लिंडर्सने फ्रेंचांविरुद्धच्या एका मोठ्या सागरी लढाईतही भाग घेतला. परंतु त्याच्या मनाची ओढ लढाईकडे नव्हती. ती अज्ञात किनाऱ्यांकडे होती.

ती ओढ पुरविण्याची संधी त्याला १७९५ मध्ये मिळाली. न्यू साउथ वेल्स ह्या इंग्रजांच्या नव्या वसाहतीकडे जाणाऱ्या जहाजावर त्याची नेमणूक झाली. त्याच जहाजावर जॉर्ज बास नावाचा तरुण शस्त्रवैद्य होता. दोघांनाही अज्ञात प्रदेशांचे वेड असल्यामुळे त्यांची मैत्री जमण्यास वेळ लागला नाही. बासने आपल्याबरोबर अवघी आठ फूट लांबीची एक होडी आणली होती. तिच्या आकारावरून तिचे नाव टॉम थंब, म्हणजे ‘अंगठ्याएवढा टॉम’, असे ठेवले होते. हे दोघे मित्र आणि बासचा एक लहानगा नोकर, असे तिघेजण त्या होडीत बसून सिडनीजवळच्या नदीमुखांचा शोध घेत हिंडले.

दुसऱ्या वर्षी त्याच नावाच्या दुसऱ्या एका होडीतून ते दक्षिणेस गेले. लाटेच्या तडाख्याने त्यांची बंदुकीची दारू भिजली. ती उन्हात वाळत घातली असता तेथील मूळ रहिवाशांचा मोठा जमाव भोवती गोळा झाला. त्यांचा हेतू काय असेल, ह्याचा अंदाज येईना. फ्लिंडर्सने प्रसंगावधान राखले. त्याने कात्री काढली आणि तो एकेकाच्या दाढीचे केस कापू लागला! ह्या नव्या प्रकाराने त्या लोकांची करमणूक झाली. तेवढ्या अवधीत दारू वाळली आणि कोणास इजा न होता तिघे मित्र परतले.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेली टास्मानियाची भूमी त्या काळी मुख्य भूमीचाच भाग समजली जात असे. मधून समुद्र असावा, असा बासचा तर्क होता. ऑक्टोबर १७९८ मध्ये ‘नॉरफॉक’ ह्या पंचवीस टनांच्या लहानशा गलबतातून फ्लिंडर्स आणि बास निघाले आणि त्या भूमीला संपूर्ण वळसा घालून जानेवारी १७९९ मध्ये परत आले. टास्मानिया हे बेट आहे, हे सिद्ध झाले. इंग्लंडाहून सिडनीला येणाऱ्या जहाजांचा मार्ग त्यामुळे पुष्कळ जवळचा झाला. त्या सामुद्रधुनीला आपल्या मित्राचे नाव द्यावे, अशी शिफारस फ्लिंडर्सने केली. बासची सामुद्रधुनी ह्या नावाने ती आजही ओळखली जाते.

१८०० मध्ये इंग्लंडला परतल्यावर फ्लिंडर्सने सर जोसेफ बँक्स ह्या थोर शास्त्रज्ञाला पत्र लिहिले आणि संपूर्ण खंडाच्या किनाऱ्याची पाहणी करण्याची योजना त्याच्यापुढे मांडली. बँक्स हा तरुणपणी कुकबरोबर त्या खंडावर जाऊन आलेला होता. त्याने ती योजना उचलून धरली आणि आरमार खात्याने ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाचे ३३४ टनांचे जहाज फ्लिंडर्सच्या स्वाधीन केले. ‘इन्व्हेस्टिगेटर’ म्हणजे शोधक. तेव्हा फ्लिंडर्स सत्तावीस वर्षांचाही नव्हता. हे जहाज मूळचे व्यापारी होते. त्याचा तळ सपाट असल्याने उथळ पाण्यात काम करण्यास ते सोयीचे होते. परंतु ते जुने होते आणि त्याला पाणी गळत असे, हे फ्लिंडर्सच्या लवकरच लक्षात आले. फ्रान्सशी युद्ध चालू असल्यामुळे दुसरे चांगले जहाज मिळण्याची आशा नव्हती. मिळाले ते साधन घेऊन कामाला लागावयाचे, असे त्याने ठरविले.

त्याच्यासोबत रॉबर्ट ब्राउन हा वनस्पतिशास्त्रज्ञ, फर्डिनांड बाउअर आणि विल्यम वेस्टॉल हे दोन चित्रकार, एक माळी आणि एक खनिजतज्ज्ञ, अशी विद्वान व कलावंत मंडळी होती. पुढे उत्तर ध्रुवप्रदेशाचा शोधक म्हणून प्रसिद्धीस आलेला जॉन फ्रँकलिन हा तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांचा उमेदवार म्हणून ह्या जहाजावर होता. युद्धकाळातही ज्ञानाच्या कार्याला अडथळा होऊ नये, म्हणून फ्रेंच सरकारने ‘इन्व्हेस्टिगेटर’ला अभयपत्र दिले होते. एक दुःख मात्र फ्लिंडर्सला गिळावे लागले. एप्रिल १८०१ मध्ये त्याचा ॲन चॅपेल हिच्याशी विवाह झाला होता. पत्नीला सिडनीपर्यंत बरोबर न्यावे, असा त्याचा विचार होता. पण वरिष्ठांनी तो मानला नाही. तिला मागे ठेवून १८ जुलै १८०१ रोजी त्याने नांगर उचलला. आपली पुन्हा भेट होण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ लोटेल, हे त्या दोघांच्या स्वप्नातही नव्हते.

डिसेंबर १८०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नैर्ऋत्य टोक दिसले आणि खऱ्या कामाला आरंभ झाला. हे काम कसे चाले, ते समजून घेण्याजोगे आहे. दिवसा जहाज किनाऱ्याच्या जितके जवळ नेता येईल तितके नेले जाई. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा दिसल्याच पाहिजेत, असा फ्लिंडर्सचा दंडक होता. दूर राहिले, तर एखादे नदीचे मुख किंवा खाडी नजरेतून निसटून जाण्याची भीती असे. तो स्वतः वरचेवर डोलकाठीच्या टोकावर चढून बसे आणि किनाऱ्यावरील टेकड्या, भूशिरे व खडक ह्यांच्या दिशा होकायंत्राने टिपून घेई. त्याच वेळी खलाशी शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली मोजीत. दुपारी सूर्याची उंची कोनमापक यंत्राने मोजली की अक्षांश कळे. रेखांश काढणे अवघड असे. त्यासाठी ग्रीनिचची वेळ दाखविणारी अचूक घड्याळे जपून ठेवावी लागत. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते; म्हणून जहाजावरील स्थानिक वेळ आणि ग्रीनिचची वेळ ह्यांतील फरकावरून रेखांश ठरविता येतो. परंतु घड्याळात एका मिनिटाची चूक झाली, तरी विषुववृत्ताजवळ जहाजाचे स्थान सुमारे सतरा मैलांनी चुकते! म्हणून ही घड्याळे ताऱ्यांच्या व चंद्राच्या वेधांशी पुनःपुन्हा ताडून पाहावी लागत.

रात्र झाली, की जहाज किनाऱ्यापासून दूर नेले जाई आणि सकाळी आदल्या दिवशी जेथे पाहणी थांबली असेल, नेमके त्याच ठिकाणी परत आणले जाई. दिवसभर पाहिलेला किनारा आठवणीतून पुसट होण्यापूर्वी फ्लिंडर्स त्याच रात्री नकाशावर उतरवून काढी. जे स्वतः पाहिले नाही, ते अंदाजाने भरावयाचे नाही, हा त्याचा कटाक्ष होता. ह्या कटाक्षाचे कारण उघड आहे. पुस्तकातील चूक वाचकाची दिशाभूल करील; परंतु समुद्राच्या नकाशातील चूक शेकडो माणसांना बुडवील. आपल्या नकाशावर विसंबून पुढे कोणी तरी अनोळखी खलाशी अंधाऱ्या रात्री सुकाणू धरून उभा राहणार आहे, ह्याची जाणीव फ्लिंडर्सच्या मनातून कधीही सुटली नाही.

समुद्र किती निष्ठुर असतो, ह्याचा अनुभव त्याला लवकरच आला. फेब्रुवारी १८०२ मध्ये दक्षिण किनाऱ्यावर पिण्याच्या पाण्याच्या शोधार्थ एक होडी पाठविण्यात आली. तीत जॉन थिसल हा अनुभवी अधिकारी आणि दुसरे सातजण होते. संध्याकाळी परतताना ती होडी खवळलेल्या पाण्यात दिसेनाशी झाली. शोध केला असता होडीचे मोडके अवशेष मिळाले. माणूस मात्र एकही मिळाला नाही. शोकाकुल फ्लिंडर्सने त्या भूशिराला आपत्तीचे भूशिर असे नाव दिले. जवळच्या लहान उपसागराला त्याने स्मृतीचा उपसागर म्हटले आणि भोवतालच्या बेटांना त्या आठ सहकाऱ्यांची नावे दिली. साध्या खलाशांचीही नावे अशा प्रकारे नकाशावर कायम राहिली. ह्या साऱ्या खटाटोपात स्वतःचे नाव मात्र त्याने एकाही ठिकाणाला दिले नाही.

पुढे दोन मोठी आखाते आणि कांगारूंनी गजबजलेले एक विस्तीर्ण बेट त्याने रेखाटले. ८ एप्रिल १८०२ रोजी समोरून एक अनोळखी जहाज येताना दिसले. ते फ्रेंच जहाज होते आणि त्यावर निकोला बोदँ हा फ्रेंच संशोधक होता. तोही ह्याच किनाऱ्याचा नकाशा काढीत विरुद्ध दिशेने येत होता. दोन्ही राष्ट्रांत तह झाल्याची वार्ता दोघांनाही कळलेली नव्हती, म्हणून फ्लिंडर्सने सावधपणे तोफा सज्ज ठेवल्या. परंतु गोळी एकही सुटली नाही. तो स्वतः फ्रेंच जहाजावर गेला. त्याने बोदँचे अभयपत्र पाहिले, दोघांनी माहितीची देवाणघेवाण केली आणि आपापल्या मार्गाने प्रयाण केले. तो उपसागर आजही भेटीचा उपसागर ह्या अर्थाच्या नावानेच प्रसिद्ध आहे.

सिडनीस विसावा घेऊन जुलै १८०२ मध्ये फ्लिंडर्स उत्तरेकडे निघाला. ह्या सफरीत बंगरी नावाचा एक मूळ रहिवासी त्याच्याबरोबर होता. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जो किनारा युरोपीयांना अज्ञात होता, तो तेथील रहिवाशांना मुळीच अज्ञात नव्हता. त्यांचे पूर्वज हजारो वर्षांपासून त्या भूमीवर नांदत होते. ठिकठिकाणच्या टोळ्यांच्या भाषा भिन्न होत्या. बंगरीलाही त्या सगळ्या समजत नसत. तरीही तो निःशस्त्र होऊन पुढे जाई, खुणांनी बोले आणि समोरच्यांचे भय घालवी. त्याच्या धैर्याची व चांगुलपणाची फ्लिंडर्सने मनापासून प्रशंसा केली आहे. असे असूनही एकदा उत्तर किनाऱ्यावर चकमक झाली. जहाजावरील एक अधिकारी भाल्यांनी जखमी झाला आणि एका रहिवाशाला गोळी लागून प्राणास मुकावे लागले. ह्या घटनेचा फ्लिंडर्सला विषाद वाटला. त्याच किनाऱ्यावर त्याला इंडोनेशियातील मकासारकडील सहा गलबते भेटली. ते लोक समुद्रकाकडी नावाचा सागरी प्राणी गोळा करून चिनी व्यापाऱ्यांना विकण्यासाठी दरवर्षी तेथे येत असत.

त्यापूर्वीच, नोव्हेंबर १८०२ मध्ये, कार्पेंटारियाच्या आखातात मोठे संकट उभे राहिले होते. जहाजात पाणी भराभर शिरू लागले, म्हणून सुतारांनी तपासणी केली. त्यांचा अहवाल ऐकून कोणाचेही धैर्य गळाले असते. जहाजाचे लाकूड जागोजाग कुजले होते. हवामान चांगले राहिले, तर ते फार तर सहा महिने तग धरील. परंतु मोठे वादळ झाल्यास बुडण्यावाचून गत्यंतर नव्हते. फ्लिंडर्सपुढे बिकट प्रश्न उभा राहिला. काम अर्धवट सोडून परत फिरावे, तर अपूर्ण नकाशा अपूर्णच राहणार. तसेच रेटीत न्यावे, तर सगळ्यांचे प्राण संकटात पडणार. पावसाळी वाऱ्यांमुळे लगेच परतणेही सोपे नव्हते. त्याने त्या आखाताची पाहणी पूर्ण केली. परंतु उरलेल्या किनाऱ्याची बारकाईने पाहणी करण्याचा मोह त्याने आवरला. तिमोर बेटावरून पश्चिमेच्या बाजूने वळसा घालून ९ जून १८०३ रोजी तो सिडनीस परत आला. वाटेत आमांशाने त्याचे अनेक सहकारी दगावले. तथापि, एका जहाजाने संपूर्ण ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली होती आणि पूर्व व पश्चिम ह्यांच्यामध्ये समुद्र नसून ती सारी भूमी एकच आहे, हे निर्विवाद सिद्ध झाले होते. बंगरी हा त्या भूमीला प्रदक्षिणा घालणारा आपल्याला ठाऊक असलेला पहिला भूमिपुत्र ठरला.

‘इन्व्हेस्टिगेटर’ निकामी ठरले. दुसरे जहाज मिळविण्यासाठी फ्लिंडर्स ‘पॉर्पस’ ह्या जहाजातून प्रवासी म्हणून इंग्लंडकडे निघाला. १७ ऑगस्ट १८०३ च्या रात्री ते जहाज आणि त्याच्यासोबतचे ‘केटो’ हे जहाज, अशी दोन्ही जहाजे प्रवाळाच्या खडकावर आदळून फुटली. बरोबर असलेले तिसरे जहाज मदत न करताच निघून गेले. तिघेजण बुडाले. बाकीच्यांनी भरतीच्या पाण्यापासून जेमतेम तीन-चार फूट उंच असलेल्या वाळूच्या एका पट्टीवर आश्रय घेतला. नकाशे आणि टिपणवह्या बहुतेक सगळ्या वाचल्या, हे मोठेच भाग्य होय. फ्लिंडर्सने पुढाकार घेऊन शिधा वाटून दिला, शिस्त लावली आणि तेरा सोबत्यांसह एका उघड्या होडीतून तो सिडनीकडे निघाला. त्या होडीला त्यांनी ‘आशा’ असे नाव दिले होते. सातशे मैलांहून अधिक अंतर कापून ती सुखरूप पोचली. सहा आठवड्यांनी तीन जहाजे घेऊन फ्लिंडर्स त्या वाळूच्या पट्टीवर परत आला आणि त्याने आपल्या सोबत्यांची सुटका केली.

त्यांतील ‘कंबरलँड’ ह्या २९ टनांच्या लहानशा गलबतातून त्याने इंग्लंडची वाट धरली. गलबत गळके होते आणि पाणी उपसण्याचे पंप निकामी होत चालले होते. नाइलाजाने डिसेंबर १८०३ मध्ये त्याने मॉरिशस बेटाचा आश्रय घेतला. हे बेट तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होते आणि फ्रान्स व इंग्लंड ह्यांच्यात पुन्हा युद्ध जुंपले होते. त्याच्याजवळ फ्रेंच सरकारचे अभयपत्र होते खरे. परंतु ते ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजाच्या नावाचे होते. इतक्या लहान गलबतातून कोणी संशोधक येईल, ह्यावर फ्रेंच गव्हर्नर दकाँ ह्याचा विश्वास बसेना. शिवाय इंग्रज गव्हर्नरचे सरकारी खलितेही त्या गलबतात सापडले. फ्लिंडर्सही मानी होता. आपल्यावर हेर म्हणून संशय घेतला, ह्या रागाने त्याने दकाँचे भोजनाचे आमंत्रण धुडकावून लावले. दोन मानी पुरुषांच्या ह्या संघर्षाचा परिणाम फ्लिंडर्सला फार जड गेला. तो तेथे सुमारे साडेसहा वर्षे अडकून पडला. १८०६ मध्ये नेपोलियनने सुटकेस संमती दिली आणि दुसऱ्या वर्षी तो हुकूम बेटावर पोचला. तरीही दकाँने त्याला सोडले नाही.

दैवाचा खेळ असा की, ज्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ला कुजके म्हणून टाकून दिले होते, ते डागडुजी करून १८०५ मध्ये इंग्लंडला पोचलेसुद्धा, आणि त्याचा कप्तान मात्र परक्या बेटावर बंदिवान होता. त्याचा मित्र बास हा १८०३ मध्ये सिडनीहून दक्षिण अमेरिकेकडे निघाला, तो पुन्हा कोणास दिसला नाही. ट्रिम नावाचे एक काळे मांजर फ्लिंडर्सचे सोबती होते. जहाजावरच जन्मलेले हे मांजर लहानपणी समुद्रात पडले असता पोहत येऊन दोरावरून वर चढले होते. खंडाची प्रदक्षिणा आणि जहाजाचा अपघात ह्या दोन्हींतून ते सुखरूप पार पडले. मॉरिशसमध्ये तेही एके दिवशी नाहीसे झाले. त्या मुक्या मित्रावर फ्लिंडर्सने मोठ्या मायेने एक निबंध लिहून ठेवला आहे.

असा सर्व बाजूंनी एकाकी पडलेला मनुष्य निराशेने खचून गेला असता, तर त्यात नवल नव्हते. परंतु फ्लिंडर्सने बंदिवासालाच अभ्यासिकेचे रूप दिले. बेटावरील काही फ्रेंच कुटुंबांनी त्याला स्नेहाने वागविले. त्यांच्या सहवासात तो फ्रेंच भाषा शिकला. त्याने आपली टिपणे पुन्हा तपासली आणि १८०४ मध्ये संपूर्ण खंडाचा नकाशा तयार करून इंग्लंडला पाठविला. त्या खंडाला ऑस्ट्रेलिया हे नाव असावे, असा त्याचा आग्रह होता. होकायंत्राविषयी त्याने महत्त्वाचे संशोधन केले, तेही येथेच. जहाजाचे तोंड ज्या दिशेला असेल, त्यानुसार होकायंत्राची सुई कमी-अधिक चुकते, हे त्याने पाहिले होते. जहाजावरील लोखंड हे ह्याचे कारण असल्याचे ओळखून त्याने त्यावर निबंध लिहिला आणि तो १८०५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचण्यात आला. ही चूक दुरुस्त करण्यासाठी होकायंत्राजवळ बसविण्यात येणाऱ्या उभ्या लोखंडी दांड्याला आजही फ्लिंडर्सचेच नाव आहे.

शेवटी हिंदुस्थानातील इंग्रज सरकारने कैद्यांच्या अदलाबदलीसाठी पाठविलेल्या अधिकाऱ्याच्या रदबदलीने जून १८१० मध्ये त्याची सुटका झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो मायदेशी पोचला. नऊ वर्षे वाट पाहणारी पत्नी त्याला भेटली. परंतु तेवढ्या काळात फ्रेंचांनी आपल्या प्रवासाचे ग्रंथ छापण्यास आरंभ केला होता आणि दक्षिण किनाऱ्याला नेपोलियनचे नाव देऊन टाकले होते. फ्लिंडर्सने वादविवादात वेळ दवडला नाही. आपला ग्रंथ आणि नकाशे हेच आपले उत्तर, असे मानून तो कामास लागला. पंचांगातील आकड्यांत चुका असल्याचे आढळल्यावर रेखांशांची गणिते नव्याने करवून घेण्यात आली. त्यामुळे विलंब झाला, पण चुकीचा नकाशा प्रसिद्ध करणे त्याला मान्य नव्हते. बंदिवासात जडलेला मूत्राशयाचा विकार बळावत चालला होता आणि पैशाचीही ओढाताण होती. असह्य वेदना सोसून त्याने अखेरचे पान पुरे केले.

त्याचा ग्रंथ नकाशांसह १८ जुलै १८१४ रोजी प्रसिद्ध झाला. बरोबर तेरा वर्षांपूर्वी ह्याच तारखेस ‘इन्व्हेस्टिगेटर’ने इंग्लंडचा किनारा सोडला होता. ग्रंथाची प्रत घरी आली, तेव्हा फ्लिंडर्स बेशुद्ध होता. दुसऱ्या दिवशी, १९ जुलै रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्याने देह ठेवला. आपल्या आयुष्याचे फळ त्याला डोळे भरून पाहता आले नाही.

पण ते फळ इतरांनी चाखले. त्याच्या नकाशांच्या आधारे पुढे कित्येक दशके जहाजे त्या किनाऱ्यांवर सुखरूप फिरत राहिली. त्याला प्रिय असलेले ऑस्ट्रेलिया हे नाव ग्रंथाच्या मथळ्यावर येऊ शकले नव्हते. परंतु १८२४ मध्ये इंग्लंडच्या आरमार खात्याने ते मान्य केले आणि आज सारे जग त्या खंडाला ह्याच नावाने ओळखते. ज्याने स्वतःचे नाव कोठेही दिले नाही, त्याचे नाव पुढील पिढ्यांनी पर्वतराजीला, रस्त्यांना आणि विद्यापीठाला दिले. सिडनीतील ग्रंथालयापाशी त्याचा पुतळा आहे आणि त्याच्यामागे खिडकीच्या कट्ट्यावर ट्रिम मांजराचाही छोटा पुतळा उभा आहे.

लंडनमधील ज्या दफनभूमीत फ्लिंडर्सला मूठमाती देण्यात आली, ती पुढे नाहीशी झाली आणि साऱ्या खंडाचा ठावठिकाणा सांगणाऱ्या ह्या पुरुषाच्या थडग्याचाच ठावठिकाणा कोणास सांगता येईना. जानेवारी २०१९ मध्ये लोहमार्गासाठी खोदकाम चालू असता शिशाच्या पत्र्यावर कोरलेल्या नावावरून त्याची शवपेटी ओळखली गेली. जुलै २०२४ मध्ये त्याच्या जन्मगावी, डॉनिंग्टन येथे, सन्मानपूर्वक तिचे पुन्हा दफन करण्यात आले. परंतु त्याचे खरे स्मारक त्याही आधी दोनशे वर्षांपासून उभे आहे. नकाशातील ऑस्ट्रेलियाची किनाररेषा हेच ते स्मारक होय. जे पाहिले तेवढेच लिहीन आणि जे लिहीन ते खरे असेल, हे व्रत एका मनुष्याने कुजक्या जहाजात, उजाड वाळूच्या पट्टीवर, बंदिवासात आणि रुग्णशय्येवरही मोडू दिले नाही, ह्याची साक्ष ती रेषा देत आहे.